पाय हलले होते

घाटंजीत, कापसाला भाव नसलेल्या वर्षांतल्या एका डिसेंबरात, बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात मी दिलेला फाऊल रद्द झाल्याचं आयोजकांनी माईकवरून जाहीर केलं. मुख्य पंच मी होते.

मैदान जिनिंगच्या आवारात आखलं होतं. एरवी त्या महिन्यात तिथे कापसाच्या गंजी असतात. त्या वर्षी सिमेंटचा ओटा रिकामा होता. जिनिंगचे मालक आयोजक. त्यांचा मुलगा यजमान संघात. माझे वडील त्यांच्याकडे सालदार, पाडवा ते पाडवा वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी.

शेवटच्या मिनिटात यजमान उमरखेडच्या एका गुणाने मागे होते. मालकांचा मुलगा उमरखेडच्या खेळाडूच्या वाटेत आडवा उभा राहिला. याला स्क्रीन म्हणतात. उभा राहणारा स्थिर असेल तर ती कायदेशीर. आमच्याकडे समजूत वेगळी: हात छातीवर बांधले की झालं. त्याने हात बांधले होते. समोरचा बाजूने निघाला तसं त्याने पाऊल सरकवलं, कंबर घातली. समोरचा पडला. मी शिट्टी वाजवली. त्यानंतर यजमानांचं बास्केट झालं.

"हात बांधून हाय ना पोट्टा! आंधळी हाय का व?" लोक ओरडले.

मालक माईक घेऊन उठले. "फाऊल रद्द. बास्केट धरा." मग माझ्याकडे वळून, माईकवरच: "तुहा बाप जनमभर आमच्या दारात हात बांधून उभा राह्यला. अन् तुले हात बांधलेला माणूस ओयखू येत नाही?"

लोक हसले. दुसरे पंच माझ्याहून जुने. त्यांनीही पाय पाहिला होता. ते बुटाची लेस बांधायला वाकले.

वडील खेळाडूंना पाणी देत होते. जवळ येऊन म्हणाले, "जाऊ दे माय. मालक हाय."

बोलताना त्यांनी हात बांधले होते. ते हात मी लहानपणापासून पाहत होते. त्याला अदब म्हणायचं, असं मला शिकवलं होतं. ती भीती होती.

मी गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी गेले. मोठ्याने सांगितलं, "हात बांधले होते. पाय हलले. बास्केट नाही."

"उद्यापासून शिट्टी बंद तुही."

"माह्या गळ्यात हाय, मालक. या, काढून घ्या."

कोणी आलं नाही. चेंडू उमरखेडला दिला. सामना त्यांनी जिंकला.

पाडव्याला मालकांनी वडिलांना पुढचं साल दिलं नाही. त्याच आठवड्यात मी मुकुटबनच्या स्पर्धेत पंच होते. पहिल्या सामन्यात चुकीच्या स्क्रीनचा एक फाऊल दिला. तो यजमान संघाविरुद्ध होता.