चिठ्ठीवर न बसलेली ओळ

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी आठ वाजता माझ्या मोठ्या बहिणीला छातीतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल व्हायचं होतं. ती गेली नाही.

मला हे सात वाजून दहा मिनिटांनी कळलं. फोन भाचीचा होता. ती बेंगळुरूच्याच एचएसआर लेआउट भागात राहते. आदल्या दिवशीच आईकडे जे. पी. नगरला मुक्कामाला आली होती.

"मामा, ताबडतोब ये. आई म्हणते, जाणार नाही. खाली कॅब उभी आहे."

"घाबरली असेल."

"घाबरलेली असती तर समजावलं असतं. ती हसतेय."

माझं घर दोन गल्ल्या सोडून आहे. मी पोहोचलो तेव्हा अक्का जेवणाच्या टेबलाशी बसून चहा पीत होती. अर्धा कप संपला होता. शस्त्रक्रियेला रिकाम्या पोटी जावं लागतं. अक्काने एका सरकारी कारखान्याच्या रुग्णालयात एकतीस वर्षं परिचारिकेचं काम केलं आहे. तो चहा तिने समजून-उमजून घेतला होता.

"बस," ती म्हणाली. "तुलाही टाकू?"

"अक्का, काय चाललंय हे?"

तिने पवित्र शास्त्र उघडलं, आतून एक चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चिठ्ठी मीच केलेली होती.

इथे थोडी माहिती द्यायला हवी. बेंगळुरूतली आम्ही काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्यातून एकदा अक्काच्या दिवाणखान्यात उपासनेला जमतो. जानेवारीच्या पहिल्या रविवारी वचन काढण्याची पद्धत आहे. शास्त्रातलं एकेक वचन लिहिलेल्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात ठेवतात. प्रत्येकाने डोळे मिटून एक काढायची, मोठ्याने वाचायची आणि वर्षभर शास्त्रात जपून ठेवायची. ते त्या माणसाचं त्या वर्षाचं वचन. डब्यात जाण्याआधी चिठ्ठ्या लिहिणाऱ्याखेरीज कोणीही वाचायच्या नाहीत, हा नियम.

जुन्या चिठ्ठ्या आमच्या वडिलांच्या हातच्या होत्या. त्या पिवळ्या पडून कडांना फाटल्या, म्हणून डिसेंबरात नव्या करायचं काम माझ्याकडे आलं. मी चोवीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली. बातमी जागेत बसवणं हेच माझं काम होतं. मी एकशेवीस वचनं टाइप केली आणि चिकपेटमधल्या एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे गेलो. त्याने पहिलं पान बघून मान हलवली.

"सर, एक कार्ड में चार लाइन. जास्ती होगा तो अक्षर स्वल्प छोटा होगा. अज्जी लोग, बूढ़े लोग, पढ़ नहीं सकेंगे."

मी दुकानातल्या बाकावर बसून पेनने वचनं कापली. पाऊण तास लागला.

रविवारी डबा फिरला. पुण्याहून आलेल्या एका आयटीवाल्याला विसाव्याचं वचन निघालं, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "मॅनेजरला मेल कर, आमेन लिहून." सगळे हसले. मग अक्काची पाळी आली. तिने चिठ्ठी वाचली, पण मोठ्याने वाचताना मध्येच थांबली. तिला गहिवरून आलं, असं मला वाटलं.

आता ती चिठ्ठी टेबलावर होती. मूळ वचनाचे दोन भाग आहेत. तुला पाण्यातून जावं लागेल तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, हा पहिल्याचा अर्थ. पाणी तुला बुडवणार नाही, हा दुसऱ्याचा. चिठ्ठीवर फक्त दुसरा होता.

"अक्का, हे वचन तुला पूर्ण पाठ आहे," मी म्हणालो.

"लहानपणापासून. बाबांनी पाठ करून घेतलंय."

"मग?"

"म्हणूनच तर. डोळे उघडून बघते, तर पाण्यातून जायचा भागच नाही. नुसतं बुडणार नाहीस." तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "मला कळलं. या वर्षी माझ्यापुरता देवानेच तो भाग काढून टाकलाय. आता मला त्यातून जायचंच नाहीये."

मी चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली.

भाची दारात उभी होती. "आई, एकतीस वर्षं तू लोकांना हाताला धरून ऑपरेशन थिएटरमध्ये नेलंस!"

"म्हणूनच सांगते. आत काय असतं ते तुला नाही, मला ठाऊक आहे."

भाचीने खाली जाऊन कॅब परत पाठवली. मग गॅलरीत उभी राहून रुग्णालयाला फोन लावला. सर्जनचं म्हणणं तिने जसंच्या तसं सांगितलं: शुक्रवारी एक जागा रिकामी झाली आहे, ती सोडली तर तीन आठवडे, गाठ महिन्याभरात वाढली आहे, तीन आठवडे थांबू नये. शुक्रवारचं उत्तर संध्याकाळपर्यंत हवं होतं.

मी घरी गेलो. वडिलांच्या जुन्या चिठ्ठ्या रबर लावून कपाटात ठेवल्या होत्या. त्या आणि चिकपेटला नेलेली पानं शेजारी ठेवून मी एकेक ताडून पाहिलं. एकशेवीसपैकी बावन्न वचनं मी कापली होती. त्यातल्या त्रेचाळीस ठिकाणी कापलेला भाग दुःखाचा होता: दरी, आग, पाणी, छळ, अश्रू पेरणं. आशेचा भाग कापलेला मला एकदाही दिसला नाही. डेस्कवर आम्ही पार्श्वभूमी आधी कापतो. मी दुःखाला पार्श्वभूमी समजलो होतो. हे ठरवून केलेलं नव्हतं, आणि मोजेपर्यंत मला ते माहीतही नव्हतं. मी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

साडेअकराला मी अक्काकडे परत आलो. सांगितलं तर तिचा आधार जाणार होता. न सांगितलं तर शुक्रवार जाणार होता.

"देवाने काढलेलं नाही ते," मी म्हणालो. "मी काढलं. चार ओळींत बसत नव्हतं म्हणून."

तिचं हसू गेलं.

"तू?"

"चिकपेटला. दुकानात बसून."

"वचन कापलंस? बातमीसारखं?"

"हो."

"बाबा असते तर थोबाडीत दिली असती तुझ्या."

ती उठली, कप धुतला, पालथा घातला. ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. भाची तिच्याकडे जायला निघाली; मी तिला खुणेने थांबवलं.

मग अक्का पाठमोरीच बोलली. "प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री बागेत गुडघे टेकून मागितलं होतं ना, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून?"

"हो."

"त्याचा टळला नाही. आणि मी चहा पिऊन बसले."

ती टेबलाशी येऊन बसली. "पेपरात चूक झाली की काय करता तुम्ही?"

"दुरुस्ती छापतो. त्याच पानावर."

"मग कर."

मी चिठ्ठी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. तिने माझं मनगट धरलं.

"मागे नको. जे आधी येतं ते आधी लिही."

चिठ्ठीच्या वरच्या कडेला बोटभरही जागा नव्हती. मी बारीक अक्षरात पाण्यातून जाण्याचा भाग तिथे बसवला. अक्काने चष्मा पुसून तो वाचला, 'मी तुझ्याबरोबर' वर नख फिरवलं आणि म्हणाली, "हेही कापलं होतंस, गाढवा." मग भाचीला म्हणाली, "सांग त्यांना, शुक्रवारी येते."

दुपारी मी उपासनेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बावन्न वचनांची दुरुस्ती पूर्ण मजकुरासह टाकली. आयटीवाल्याने विचारलं, "माझं विसाव्याचं बरोबर आहे ना?" ते बरोबर नव्हतं. त्याच्या आधी ओझ्याचा उल्लेख होता, तो मी कापला होता.

शुक्रवारी अक्का आदल्या रात्रीपासून उपाशी होती. सात वाजून चाळीस मिनिटांनी तिला आत नेलं. दारापाशी तिने भाचीच्या हातात चष्मा, घड्याळ आणि पवित्र शास्त्र दिलं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या सिस्टरला ती कन्नडमध्ये म्हणाली, हात गार आहेत गं तुझे. सिस्टर म्हणाली, "सरी अक्का," म्हणजे बरं अक्का, आणि हात एकमेकांवर चोळले.

बारा वाजून दहा मिनिटांनी सर्जन बाहेर आले. शस्त्रक्रिया पूर्ण झाली, रुग्ण शुद्धीवर येत आहे, असं त्यांनी सांगितलं. गाठ तपासणीला पाठवली आहे. अहवालाला दहा दिवस लागतील.