भूत अजून सायकलवर

सदाशिवकाकांना भुतांची भीती वाटत नाही. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना भीती आहे ती फक्त जिन्याची. तरी भुताचा सिनेमा लागला, की शुक्रवारी पहिल्या खेळाला इस्त्रीचा शर्ट घालून हे हजर. आणि रविवारी तोच सिनेमा परत.

औरंगपुऱ्यात मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. माझं गाव वैजापूरकडचं. पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "काका, एकच भूत दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा नुसती तोंडओळख होते रे."

मी मनात म्हटलं, लग्न केलं नाही म्हाताऱ्यानं, त्याचा हा परिणाम.

खरं कारण कळायला दीड वर्ष गेलं. घरून मुलींचे फोटो यायला लागले होते. आई फोनवर म्हणायची, "ही बी नको, ती बी नको, मग काय इंद्राची अप्सरा आणू व्हय?" शेवटी एका संध्याकाळी मी काकांना सांगूनच टाकलं, की मला पोरी नाही, पोरं आवडतात. खोली सोडायची असेल तर तसं सांगा.

काकांनी चहा गाळला. इतका काठोकाठ, की कप उचलता येईना.

"खोली कशाला सोडतोस? बाहेर जाताना पंखा तेवढा बंद करत जा," म्हणाले. आणि मग हेमचंद्राची गोष्ट काढली.

एक्याऐंशी ते पंच्याऐंशीची गोष्ट. दोघं एकाच सरकारी कचेरीत कारकून, टेबलाला टेबल लागून. हेमचंद्र गोरापान, हसला की एक दात पुढं यायचा. काका त्या दातावर चाळीस वर्षांनंतरही पाच मिनिटं बोलले. दर रविवारी दुपारी दोघं शहागंजातल्या टॉकीजला जायचे, आणि भुताचाच सिनेमा बघायचे. हट्ट काकांचा.

"का म्हणून?"

"पुरुषानं पुरुषाचा हात धरायला दुसरी जागा होती का रे? घाबरलेल्या माणसाला कुणी नावं ठेवत नाही."

पण ऐन वेळी हात सापडायला हवा. म्हणून काका शुक्रवारी एकटेच सिनेमा बघून यायचे. चेटकीण कुठं येते, दार कुठं वाजतं, सगळं पाठ. रविवारी ती यायच्या क्षणी "अगं आई!" म्हणून हेमचंद्राचा हात धरायचा, आणि ती गेली की सोडायचा. हेमचंद्रही घट्ट धरायचा. तो खरंच घाबरायचा, की त्यालाही हेच हवं होतं? चार वर्षं काका ते विचारीन विचारीन म्हणत राहिले.

त्या काळी सिनेमाची एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. तिकडं एक रीळ संपलं, की माणूस ते सायकलवर टाकून इकडं आणायचा. त्या रविवारी पडद्यावर विहीर होती. बादली वर येत होती. बादलीतून हात निघणार, हे काकांना ठाऊक होतं, आणि आज हेमचंद्राचा हात सोडायचा नाही, हे त्यांनी ठरवलेलं. विचारायचंच होतं. म्हणून त्यांनी जरा आधीच धरला.

आणि रीळ संपलं. पडदा पांढरा. पुढच्या रिळाची सायकल क्रांती चौकात पंक्चर होऊन पडलेली. दिवे लागले. शिट्ट्या सुरू झाल्या. काकांचा हात हेमचंद्राच्या हातात, बोटांत बोटं.

मागच्या रांगेत कचेरीतला शिपाई कारभारी बसला होता. तो ओरडला, "काय भाऊसाहेब, आत्ताच घाबरले? भूत तर अजून सायकलवर हाय!"

आख्खं थेटर हसलं. हेमचंद्रही हसला, दात पुढं काढून. हात काढून घेतला. मग खिशातून रुमाल काढला आणि तळवा पुसला. एकेक बोट.

वीस मिनिटांनी रीळ आलं. बादलीतून हात निघाला, लोक किंचाळले. हे दोघं हाताची घडी घालून बसले होते.

पुढच्या रविवारी हेमचंद्र म्हणाला, "सदू, भुतं पुरे आता." वर्षभरात त्याचं लग्न झालं, मग बदली झाली. दिवाळीला कार्ड यायचं. पुढं तेही बंद झालं.

"घाम आला असंल हाताला," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"हौ. मीही तेच म्हणतो. चाळीस वर्षं झाली म्हणतोय."

गेल्या रविवारी मी त्यांच्यासोबत गेलो. मॉलमधलं गारेगार थेटर, काकांच्या अंगात स्वेटर. त्यांच्या पलीकडे एक मिशाळ, पोट सुटलेला गृहस्थ, बायको-मेहुणीसकट बसला होता. भूत कपाटातून निघालं, आणि त्या गड्यानं बायकोचा सोडून काकांचा हात गच्च धरला. लगेच लाजला.

"माफ करा काका, एकदम आलं ना ते!"

"असू द्या, असू द्या," काका म्हणाले. त्यांनी शुक्रवारी बघितलेला होता सिनेमा. "मध्यंतराआधी अजून दोनदा यायचंय ते."

गृहस्थ हसला. हात काढला आणि पॉपकॉर्नच्या पुड्यात घातला. पुढच्या दोन्ही वेळेला त्यानं बायकोलाच धरलं.

काकांचा तळवा खुर्चीच्या दांडीवर तसाच उताणा होता. मध्यंतराचे दिवे लागले, तेव्हा त्यांनी तो हळूच स्वेटरच्या खिशात घातला आणि मला म्हणाले, "चल, चहा घेऊ. इथं लई गार आहे."