पानिपतपर्यंत सांग

बदलीच्या नोकरीत दर बदलीला घरातलं सामान कमी होतं आणि किस्से वाढत जातात. पलंग कबाडीवाला नेतो, किस्से कोण नेणार! आम्ही चंदिगढला सरकारी नोकरीत गेलेली चार-सहा मराठी घरं. एकाच सेक्टरात क्वार्टर्स, रविवारी एकत्र जेवण. आमचे निम्मे किस्से पानिपताचे.

आता पानिपत म्हटलं की मराठी माणसाला दाणादाण आठवते. आमच्यात मात्र त्याचा अर्थ वेगळाच झाला. तो केला बापटांनी.

सदुसष्ट सालची गोष्ट. बापट लग्न करून सुमनवहिनींना वाईहून चंदिगढला आणत होते. दिल्लीला बस धरली तेव्हापासून वहिनी खिडकीकडे तोंड करून मुसमुसत होत्या. मांडीवर माहेरचा पाटा-वरवंटा! कंडक्टर म्हणाला, "ओ जी, चंडीगढ़ में पत्थर नहीं मिलते क्या?"

वहिनी आणखीच रडायला लागल्या. बापट घाबरले. म्हणाले, "सुमन, पानिपतला बस चहाला थांबते. तिथपर्यंत कधीही सांग, आपण परत फिरू. मी रागावणार नाही. पण पानिपत ओलांडलं की मग रडायचं नाही!"

पानिपत आलं. वहिनी उतरल्या, तोंड धुतलं, चहा प्यायल्या, आणि बापटांच्या आधी बसमध्ये चढून बसल्या.

बापटांनी हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलं, की आता माघार नाही असं म्हणायचं असलं की आम्ही 'पानिपत ओलांडलं' म्हणायला लागलो.

---

आमच्या गोखल्यांना मिशी फार लाडकी. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा डावीकडची मिशी साफ! गोखले ओरडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून बापट शांतपणे म्हणाले, "गोखले, पानिपत ओलांडलंत. आता उजवीकडचीही जाऊ द्या."

ऑफिसात महिनाभर कोणी गोखल्यांना ओळखलं नाही. साहेबांनी तर 'नवीन जॉइन झालात का?' म्हणून विचारलं!

---

बापटांच्या शेजारी एक पंजाबी कुटुंब होतं. घरातल्या आजींना सगळे बीजी म्हणायचे. त्या वहिनींच्या पाट्यावर पुदिन्याची चटणी वाटायला यायच्या आणि वाटता वाटता मराठी उचलायच्या. नातीचं लग्न ठरलं तेव्हा मिठाईचा डबा घेऊन दारातूनच ओरडल्या, "सुमन, असीं पानीपत लंघ गए!"

त्यांचा नातजावई पानिपतचाच निघाला, हे आम्हाला वरातीत कळलं.

---

बापटांची मीनू चंदिगढचीच. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत. एकदा बागेतल्या उंच घसरगुंडीवर चढली आणि वर जाऊन तिने दांडा घट्ट धरून ठेवला. मागे पोरांची रांग. बापट खालून म्हणाले, "मीनू, सोड हात! आता माघार नाही!"

"पापा, अभी बैठी कहाँ हूँ? पानीपत अभी नहीं आया!" असं म्हणून ती सगळ्या रांगेला बाजूला सारत शिडीने खाली आली.

बापटांनी तिला कडेवर घेतलं. म्हणाले, "बरोबर आहे बेटा. त्याच्या आधी परत फिरता येतं." त्या दिवशी ते भलतेच खूश होते.

---

मीनू दहा वर्षांची असताना बापट गेले. ऑफिसात छातीत कळ आली, तेवढंच. असा माणूस पुन्हा भेटला नाही.

त्यांचे थोरले भाऊ वाईहून आले. माणूस अगदी भला. सारखे एकच म्हणायचे, "एकटी बाई या परक्या गावात कशी राहणार? आपलं घर आहे, चल." वहिनी चंदिगढच्याच एका शाळेत लहान मुलांना शिकवायच्या. क्वार्टर सोडावं लागणार होतं. बीजी म्हणाल्या, "यहीं पास में, मनीमाजरे में, मेरी बहन का कमरा खाली है. तू बस हाँ कर." वहिनी ना दिरांना काही म्हणाल्या, ना बीजींना.

शेवटी सामान बांधलं. वहिनींनी पाटा-वरवंटा माझ्या बायकोच्या, नलूच्या, ओट्याखाली ठेवला. "जड आहे गं. तुझ्याकडेच राहू दे." सकाळी आम्ही सगळे सतरा सेक्टरच्या बस स्टँडवर गेलो. बस हलली तेव्हा बीजी हुंदके देत होत्या. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या, पण रडत नव्हत्या.

संध्याकाळी दारावरची बेल वाजली. दारात वहिनी आणि मीनू, दोघींचे केस धुळीने माखलेले.

"वहिनी! काय झालं? दादा कुठे आहेत?"

"गेले पुढे," वहिनी म्हणाल्या. "त्यांनीच आम्हाला परतीच्या बसमध्ये बसवून दिलं. बस चहाला थांबली होती भाऊजी. मी दादांना म्हटलं, हे म्हणाले होते, पानिपतपर्यंत कधीही सांग. तेव्हा सांगितलं नव्हतं, म्हणून आज सांगतेय."

मागे नलू पदर डोळ्यांना लावून उभी होती.

वहिनींनी चप्पल काढली आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

"नलू, माझा पाटा दे."