मधलं सगळ्यांचं

"न्या की, ताई. पण परत आणताना शहाणं करून आणा."

फ्लॉपी हातात देताना अप्पा हे वाक्य म्हणायचेच. देताना दोन्ही हात पुढे करायचे, जसं काही आपल्यालाच काही मिळणार आहे. मग चष्मा कपाळावर सरकवायचे आणि तो थेट विभूतीच्या पट्ट्यांवर जाऊन बसायचा. सकाळी लावलेली विभूती दुपारपर्यंत निम्मी काचांवर आणि निम्मी कीबोर्डवर आलेली असायची. त्यांच्या दुकानात टाईप केलं की बोटाला पांढरं लागायचं. कोणी हसलं तर म्हणायचे, "मशिनीला बी लागती थोडी."

नव्वदीची शेवटची वर्षं होती. बीडमध्ये वजनकाट्यांच्या कॉम्प्युटरचं काम करणारी आमची तीन दुकानं होती. अप्पांचं बाजाराच्या रस्त्याला, बशीरभाईंचं एसटी स्टँडसमोर आणि माझं कोर्टाच्या मागे. तिघेही एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचो आणि लग्नकार्यात एकाच पंगतीत जेवायचो. तुमच्याही गावात असे धंदेवाले असतील, त्यामुळे जास्त सांगत नाही.

काम सोपं वाटायचं, पण सोपं नव्हतं. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीच्या, दारात जमिनीत मोठा काटा असतो. त्यावर कापसाची गाडी उभी राहते. शेजारच्या केबिनमध्ये एक डबा असतो, त्यावर वजन दिसतं. तो आकडा तारेतून कॉम्प्युटरमध्ये येतो आणि पावती निघते. पूर्वी अख्ख्या जिल्ह्यात एकाच प्रकारचे काटे होते. मग बाजार खुला झाला आणि दर दोन महिन्यांनी नवा डबा येऊ लागला. कोणी मुंबईहून आणायचा, कोणाच्या डब्यावर परदेशी नाव असायचं. प्रत्येक डब्याची बोलण्याची तऱ्हा निराळी. एक आकडे उलटे पाठवायचा, दुसरा आधी रेघ मग आकडा, तिसरा मध्येच मोकळी जागा सोडायचा. ते बोलणं समजून घेऊन पावतीच्या प्रोग्रामला सरळ आकडा देणारा एक छोटा प्रोग्राम मध्ये बसवावा लागायचा. आम्ही त्याला 'मधला' म्हणायचो.

मला याद्या करायची सवय आहे. त्या वर्षीच्या माझ्या वहीत अकरा डब्यांची नावं आहेत, प्रत्येकापुढे त्याची खोड लिहिलेली. अकरापैकी चारच मला जमले होते. उरलेल्या डब्यांवर मी जेवढे दिवस घालवले तेवढेच अप्पांनी आणि बशीरभाईंनीही आपापल्या दुकानात बसून घालवले होते. तिघे एकच विहीर तीन ठिकाणी खणत होतो आणि एकमेकांपासून माती लपवत होतो.

एके दिवशी अप्पांनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. टेबलावर एक फ्लॉपी आणि एक शाळकरी वही ठेवली.

"ह्याच्यात माझा मधला हाय," ते म्हणाले. "नुसता चालणारा न्हाई, आत लिहिलेल्या ओळी बी सगळ्या. उघडा, बघा, वापरा."

बशीरभाईंनी कप खाली ठेवला. "अप्पा, तब्येत बरी हाय ना? कावून देऊन राहिले?"

"मला सांगा, बशीरभाई, तुमच्या मधल्यासाठी आजपर्यंत एक तरी गिऱ्हाईक आलंय का?"

"मधला कुणाला दिसतो?"

"तेच म्हणतो मी. पावती कशी दिसती, फोन केल्यावर कोण किती लवकर येतंय, हे बघून येतंय गिऱ्हाईक. त्याच्यावर भांडू की आपण. मधल्यावर कावून मरायचं? मधलं सगळ्यांचं."

मग त्यांनी धारूरची गोष्ट सांगितली. त्यांच्या वडलांचं तिथे किराणा आणि धान्याचं दुकान होतं. बाजारात पोती मोजायचा मोठा तराजू एकच होता आणि तो सगळ्या व्यापाऱ्यांनी मिळून घेतला होता. भावावरून रोज भांडणं व्हायची, पण तराजूची साखळी झिजली की ज्याला दिसेल तो नीट करून आणायचा. "काटा खोटा निघाला तर एका दुकानाचं नाव जात न्हाई, ताई. अख्ख्या बाजाराचं जातं."

"तुमी दुकान चालवता का पाणपोई?" बशीरभाईंनी विचारलं.

"पाणपोईवर बी गर्दी असतीच की. होऊ द्या गर्दी."

अट एकच होती. फ्लॉपी दुकानाच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेली राहील. ज्याला लागेल त्याने न्यावी. पण आपल्या काट्यावर काही चूक सापडली आणि ती दुरुस्त झाली, तर आठ दिवसांच्या आत ती दुरुस्ती फ्लॉपीवर आणून टाकायची आणि वहीत लिहायचं की काय बदललं, कोणत्या डब्यासाठी, कोणत्या तारखेला.

मी घरी येऊन माझ्या वहीत लिहिलं: 'अप्पा भोळे आहेत.' वर्षभरात माझ्या यादीतल्या अकराच्या अकरा डब्यांपुढे बरोबरची खूण झाली, तेव्हा ती ओळ खोडावी असं वाटलं होतं. खोडली नाही.

त्या वर्षी गेवराई रस्त्यावरच्या एका शेठनी आपल्या तिन्ही जिनिंगचे काटे एकाच दुकानाला द्यायचं ठरवलं. माझं दुकान सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. हा हंगाम मिळाला नाही तर दिवाळीनंतर कुलूप लावायचं आणि मी शाळेत शिकवायला जायचं, असं मी आणि यजमानांनी ठरवलेलं होतं. बशीरभाई साखर कारखान्याच्या कामात अडकले होते. म्हणजे शेठपुढे आम्ही दोघंच, अप्पा आणि मी.

चाचणीच्या तीन आठवडे आधी मला एक दुरुस्ती सापडली. जिनिंगची मोठी मोटार चालू झाली की दिवे मंद व्हायचे, डबा क्षणभर काहीही बरळायचा आणि मधला जागच्या जागी गोठायचा. मी प्रोग्रामला सांगितलं की लागोपाठ तीन वेळा एकच आकडा आला तरच तो धर, नाहीतर सोडून दे. झालं. दहा ओळींचं काम. वहीत लिहायला जायचं होतं, गेले नाही. चाचणी झाली की जाऊ, असं मनाला सांगितलं. अप्पांच्या समोर उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून तीन आठवडे त्या रस्त्यालाच गेले नाही.

चाचणीच्या दिवशी काट्यापुढे गाड्यांची रांग होती. शेठ केबिनच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. पहिली पाळी अप्पांची. तीन ट्रॅक्टर, एक ट्रक, सगळं सुरळीत. मग आत मोटार चालू झाली, बल्ब मंद झाला आणि अप्पांचा स्क्रीन गोठला. मागचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवायला लागला. अप्पा शांतपणे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करत होते. शेठनी घड्याळाकडे पाहिलं. मी पर्समधल्या फ्लॉपीवर हात ठेवून उभी होते. एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं.

मग माझी पाळी. मुद्दाम मोटार बंद करून चालू केली गेली. बल्ब मंद झाला, माझा आकडा हलला नाही. शेठ खुर्चीत पुढे सरकले. मराठीत छापलेली पावती त्यांनी एका शेतकऱ्याच्या हातात दिली. त्याने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "हे बरंय. दुसऱ्याला इचारायचं काम न्हाई." मला वाटलं, झालं.

तेवढ्यात कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक काट्यावर आला. डबा चौदा टन दाखवत होता आणि माझा स्क्रीन चार.

"ताई," शेठ म्हणाले, "माझ्या गाठी कुठं गेल्या?"

केबिनमधली माणसं हसली. मी तार काढून परत लावली. चार. बंद करून चालू केलं. चार. नवीन डबा होता, शेठकडे आठवड्यापूर्वीच आलेला. डोक्यात काही म्हणजे काही येत नव्हतं.

अप्पा उठले. शर्टाच्या खिशातून फ्लॉपी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"बशीरभाईंची दुरुस्ती हाय, साखर कारखान्यावर सापडलेली. दहा टनांपुढं गेलं की हा डबा मोकळी जागा सोडत न्हाई, म्हणून आपला मधला पहिला आकडा खातो. वहीत हाय दहा दिवसांपासून. तुमी आला न्हाई तिकडं."

शेठ दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "अप्पा, तुमी हिच्या विरोधात आलात ना?"

"व्हय की."

"मग?"

"पावतीवर विरोधात हाय. पावती तिची चांगली हाय, ते मला बी दिसतंय. पण काट्यानं चौदाचे चार सांगितले तर लोक म्हणतील, बीडच्या कॉम्प्युटरवाल्यांचा काटा खोटा. तिथं माझं बी नाव जातं."

मी फ्लॉपी घातली. चौदा टन. काम मला मिळालं.

त्या क्षणी मला आनंद झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी त्या माणसाकडे बघत राहिले. भोळेपणाने कोणी असं करत नाही. त्यांनी आमच्या धंद्यात कशावर भांडायचं आणि काय जपायचं याची रेघ मारली होती आणि ती रेघ त्यांच्या स्वतःच्या पोटावरून गेली तरी त्यांनी हलवली नव्हती. पुढे मोठमोठ्या सभागृहांत मी पुष्कळ हुशार माणसं ऐकली. इतकी सरळ रेघ मारणारं कोणी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दुकानात गेले. ते एकटेच होते. फ्लॉपी पुढे केली.

"मोटार चालू झाली तवा तुमचा स्क्रीन हलला न्हाई," ते म्हणाले. "बघितलं मी. लई चांगलं जमलंय."

वही उघडून त्यांनी माझ्यासमोर सरकवली. मी आजची तारीख लिहायला लागले तर त्यांनी बोट ठेवलं.

"आणल्याची नको. जमलं त्या दिवसाची टाका. पुढच्याला कळलं पाहिजे, हे कधीपासून चालतंय ते."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मी तीन आठवड्यांपूर्वीची तारीख लिहिली. तिच्यावरच्या ओळीत दहा दिवसांपूर्वीची तारीख होती, बशीरभाईंच्या अक्षरात. ज्याला वाचता येतं त्याला सगळं कळत होतं. बशीरभाईंनी ते महिनाभराने वाचलं आणि मला एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्या घड्याळाला चावी द्या जरा."

अप्पांची ती पाणपोई खरोखर चालली. पुढच्या हंगामात बाहेरची एक मोठी कंपनी आली, कुलूपबंद डबे आणि छापील माहितीपुस्तकं घेऊन. त्यांचा काटा अडला की माणूस यायला तीन दिवस लागायचे. तोवर दारात कापसाच्या गाड्या. आमचा अडला की तिघांपैकी जो जवळ असेल तो जायचा, कारण आत मधला एकच होता. अप्पांच्या गिऱ्हाइकाचा काटा मी माजलगावला जाऊन नीट केला आहे आणि माझा बशीरभाईंनी. दोन वर्षांत ती कंपनी दिसेनाशी झाली आणि अप्पांकडे आधीपेक्षा जास्त काटे आले.

एकदा इंजिनिअरिंग कॉलेजचे एक प्राध्यापक दुकानात आले होते. खिळ्याला टांगलेली फ्लॉपी आणि वही बघून ते हरखले. म्हणाले, "याला ओपन सोर्स म्हणतात. आणि तुमचा हा मधला म्हणजे मिडलवेअर. बाहेरच्या देशात मोठ्या कंपन्या आता हेच करायला लागल्या आहेत."

"करतील की," अप्पा म्हणाले. "त्यांच्यात बी कुणीतरी धारूरचं असंल."

चार-पाच वर्षांनी अप्पांची तब्येत उतरली. मुलीने सोलापूरला राहायला बोलावलं. दुकान आवरलं. जायच्या आदल्या दिवशी मला फोन आला. "शेठच्या जिनिंगवर घेऊन चला, ताई. तुमचा काटा भर हंगामात चालताना बघितला न्हाई कधी."

दुपारी आम्ही गेलो. दोन गाड्यांच्या मध्ये काटा रिकामा झाला तसे अप्पा काठी टेकत टेकत मधोमध जाऊन उभे राहिले. केबिनमधल्या कारकुनाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अप्पा, गाडी नंबर?"

"पायी लिही."

"माल?"

"जुना."

काटा दहा-दहा किलोंनी मोजतो. साठ दाखवलं. कारकुनाने खरंच नोंद केली. काट्यावर प्रत्येक गाडीचं वजन दोनदा होतं, एकदा भरलेली आली की आणि एकदा माल उतरवून रिकामी निघाली की. दोन्ही झाल्याशिवाय पावती निघत नाही. कारकून हसत म्हणाला, "पहिलं झालं. आता रिकामं होऊन या, दुसरं घेतो."

"येतो की," अप्पा म्हणाले आणि खाली उतरले.

उन्हाळ्यात सोलापूरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. मी आणि बशीरभाई एकाच गाडीने मातीला गेलो.

दुसरं वजन बाकी असलेल्या गाड्यांची एक यादी काट्याच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी दिसते. संध्याकाळपर्यंत ती रिकामी व्हायला हवी, हा माझाच नियम आहे आणि माझ्या सगळ्या काट्यांवर तो पाळला जातो. शेठच्या केबिनमधला कॉम्प्युटर त्यानंतर तीनदा बदलला. प्रत्येक वेळी जुन्यातली नोंद नव्यात मी स्वतः आणली. हंगाम संपतो, सगळ्या गाड्या निघून जातात आणि यादीत एक ओळ राहते. गाडी: पायी. माल: जुना. पहिलं वजन: साठ किलो. नवीन कारकून दरवर्षी विचारतो, "मॅडम, ही चुकीची दिसतेय, काढू का?"

मी सांगते, गाडी यायची आहे.