दत्ताचा अंगठा

दत्ता गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी चाकणच्या कंपनीत बेल्टशेजारी उभा होतो. ‘भाऊजी, हे गेले...’ एवढंच. पाच आठवडे झाले, तरी मला एका जागी धड बसवत नाही.

सुट्या भागांच्या तपासणीचा प्रोग्राम आम्ही दोघे लिहायचो. बेल्टवरून जाणाऱ्या प्रत्येक भागाचा फोटो निघतो आणि चुकीच्या मापाचा फोटो आधीच बाजूला काढावा लागतो. नवा होतो तेव्हा मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत अख्खा फोटो उघडून मग त्याची लांबी-रुंदी बघायचो. प्रोग्राम रखडायचा आणि लाइनवरचे लोक माझ्या नावाने खडे फोडायचे. एके दिवशी दत्ता, बीडकडचा हा गडी, माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. ‘भावा, माप फाइलच्या तोंडाशीच लिहिलेलं असतंय. तेवढं वाच आन् पुढं हो. समदा फोटो मेमरीत कशाला कोंबायलास?’ तासाचं काम मिनिटांत व्हायला लागलं. मला मात्र ती सवयच जडली... फाइल असो, मेल असो, माणूस असो, तोंडाशी काय आहे तेवढं वाचायचं आणि पुढे व्हायचं.

तो गेला त्या सकाळी त्याचा मेसेज आला. स्क्रीनवर पहिली ओळ दिसली, ‘नव्या कॅमेऱ्याचे फोटो फोल्डरात टाकलेत.’ कळलं, फोन खिशात. उरलेलं मी दुपारी, वहिनींचा फोन ठेवल्यावर वाचलं. ‘राव, छातीत कसंतरीच व्हायलंय. ही कामाला गेलीय. गाडी घेऊन येतोस का?’ त्याची कुरुळीतली खोली कंपनीपासून दहा मिनिटांवर. डॉक्टर म्हणाले, लवकर आणूनही उपयोग नव्हता. ते खरं की माझी समजूत काढायला, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मला माझाच संताप येतो, अजूनही येतो.

परवा ते फोल्डर घेतलं. प्रोग्रामने डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी मापं तपासली, सगळी बरोबर. मग मी एकेक फोटो पूर्ण उघडत गेलो. कॅमेरा बेल्टवर चढवण्याआधी दत्ता भाग हातात धरून चाचणीचे फोटो काढायचा. प्रत्येकात उजव्या कोपऱ्यात त्याचा अंगठा आलाय, नखात काळं ग्रीस. चाचणी झाली की हे फोटो पुसून टाकायचे असतात. पुसले का, म्हणून सुपरवायझर दोनदा विचारून गेले.

‘अजून बघून व्हायचेत,’ मी म्हटलं.