दयाची ओळख

चुडाव्याच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, एकच धोशा लावला होता. मी जातं सोबत न्यावं. मला सातवा महिना चाललेला. एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी, एवढंच माझं सामान. आमच्या भागात हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या होत्या, शेजारचं गाव लुटलं गेलं होतं. म्हणून बाळंतपणासाठी मला निजामाच्या हद्दीबाहेर, नगरला नणंदेकडं धाडायचं ठरलं. नवरा शाळेत मास्तर. तो मागची व्यवस्था लावून येणार होता.

"जातं कुनी गाडीत नेतं का, आत्याबाई? नगरला गिरणी हाय."

"गिरणीत पीठ व्हईल. लेकराला कोन सांगंल?"

मी हसले आणि डब्यात चढले. त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही.

माझं पहिलं बाळ मेलेलं जन्मलं होतं. माहेर ख्रिस्ती होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण आईची जुनी भीती गेली नव्हती. "पोटातल्याचं बोलायचं न्हाई, नजर लागती," असं ती सांगायची. मी नऊ महिने त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. शेताच्या बांधावर त्याला पुरलं तेव्हा काय म्हणून हाक मारावी, तेही मला सुचलं नाही.

दुसऱ्या खेपेला आत्याबाईंनी मला जात्यावर बसवलं. "ह्याला आत्ताच सांगून ठिव, तू कोनाचा हाईस ते. जगलं तर चांगलंच. न्हाई तर वळख तरी ऱ्हाईल." मग रोज सकाळी खुंटा धरला की मी सांगायची. देवानं तुला आमच्या आधी पाहिलंय. प्रभू येशू लेकरांना जवळ घेतो. मुलगा झालास तर दयानंद, मुलगी झालीस तर दया, हाक एकच. ओवी माझी मीच जुळवली होती:

पोटीच्या लेकरा, प्रभू तुला वळखितो
अंधारात बाई, त्यो तुझा हात धरितो

जातं फिरायला लागलं की ते आत ढुशा द्यायचं. आत्याबाई म्हणायच्या, "ऐकायलंय बग."

नगरला पीठ गिरणीतून यायचं. नळ दारात, सरपण विकत. वन्संनी मला कामाला हात लावू दिला नाही. माझ्या आई-आज्यांना असली विश्रांती कधी मिळाली नव्हती. पण रिकाम्या हातांनी मला प्रार्थना येत नाही, हे मला तिथं कळलं. डोळे मिटून बसले की डोक्यात मागं राहिलेल्यांची काळजी. तीन आठवडे मी पोटातल्याला काही सांगितलं नाही. उद्या सांगू, म्हणत राहिले.

मग ते हलायचं थांबलं. दोन दिवस वाट पाहून वन्संनी मला नर्सबाईंकडं नेलं. त्यांनी पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आपोआप सुटका होईल. घरी जा."

मी घरी आले आणि वन्संना म्हटलं, "कुनाकडं जातं असंल तर बगा."

"वहिनी, अहो, आता कशाला?"

"मी तीन आठवडे गप होते. त्याला वाटलं असंल, आईनं टाकलं."

मागच्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या पडवीत जातं होतं, तिथं वन्सं मला घेऊन गेल्या. मी पायली-दीड पायली ज्वारी दळली. ओवी म्हणवेना, म्हणून नुसतं बोलत राहिले. सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हाताला फोड आले. आतून काही उत्तर आलं नाही. ऐकू गेलं की नाही, मला आजही माहीत नाही. देवाला विचारून झालं, रागावून झालं.

दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. मेलेलीच. पाळकसाहेब दफनाची वही उघडून म्हणाले, "बाप्तिस्मा झालेला नाही. नाव काय लिहायचं?"

"दया."

"बाई, नाव बाप्तिस्म्यात मिळतं."

"तिला तिचं नाव चार महिने माहीत हाय. तुमी फक्त लिवा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि लिहिलं.

महिन्याभरानं मास्तर आले ते आत्याबाई तापात गेल्याची बातमी घेऊन. पुढं निजामाचं राज्य संपलं, लोक परतू लागले. तुम्ही, गावातले आमचे शेजारीही, परतलात. पत्रं लिहिता, घर शाकारलंय, शाळा उघडलीय, आता या. तुमचं चुकत नाही. माझ्या बोलण्यात अजून तिकडचं हाय-न्हाई आहे, भाकरीही तिकडच्यासारखीच थापते. नगरकर मला अजून मोगलाईतली, म्हणजे निजामाकडची, म्हणतात. पुढं दोन मुलं झाली, त्यांनाही पोटात असल्यापासून सांगत आले. ती धडधाकट आहेत. सांगितल्यामुळं जगली असं मी कुणाला म्हणणार नाही. सांगितलं तर दयालाही होतं.

आम्ही का आलो नाही, ते तुम्हाला एकदा नीट सांगायचं राहिलं होतं. निजामाचं राज्य संपल्यावर मास्तरांनी सामान बांधायला काढलं तेव्हा मी वळकटीवर बसून राहिले. ते म्हणाले, "आपलं गाव तिकडं आहे."

मी म्हटलं, "तिकडं मला वळखणारे लय हायेत. इथं तिला वळखणारी मी एकलीच हाय."

त्यांनी सामानाला बांधलेला दोर सोडला आणि नगरच्या शाळेत अर्ज द्यायला गेले.