तपासणाऱ्याचा रकाना

कारखान्यात त्याला सगळे काटेकोर म्हणायचे, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. धंदाच तसा होता. औषधांच्या दुकानांतले, दवाखान्यांतले, प्रयोगशाळांतले नाजूक काटे दुरुस्त करायचे, ते खरं वजन दाखवतात की नाही ते बघायचं आणि पत्रकावर सही करायची. कोऱ्या कागदाचं आणि त्यावर नाव लिहिल्यानंतरच्या कागदाचं वजन वेगळं दाखवतात, असे ते काचेच्या पेटीतले काटे. त्यांच्याशी सतरा वर्षं संसार केलेला हा माणूस. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. बसलीच असती तर तिचं वजन लिहून ठेवलं असतं.

प्रत्येक काट्याच्या पत्रकावर खाली दोन रकाने असत. पहिला 'काम केले', दुसरा 'तपासले'. पहिल्यात तो सही करायचा आणि दुसऱ्यात पट्टी ठेवून तिरकी रेघ मारायचा. अर्थ असा की, आता तपासायला काही उरलेलं नाही. चार वर्षांपूर्वी कारखान्यात एक तरुण इंजिनिअरबाई आली. कागदोपत्री ती त्याची साहेब, पण काटा उघडायचा कसा हे तिला त्यानेच शिकवलं. पहिल्याच दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे, काटा गाडीतून आला की अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. त्याला खोलीची हवा लागू दे, स्थिर होऊ दे, मग वजन ठेव. दुसरा रकाना खरं तर तिचा. तिने पेन काढलं तेव्हा हा म्हणाला, "राहू दे पोरी. तिथं शाई वाया जाते." तिने पेन परत ठेवलं आणि रेघ चालू राहिली.

इथवर सगळं ठीक होतं. मग आपल्या आणि एका परक्या देशामध्ये मुक्त व्यापार करार झाला.

वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या यंत्रांच्या, कापडाच्या आणि जकातीच्या. पण काटेकोरची बायको दवाखान्यात नर्स होती आणि हाती आलेला कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायची तिला खोड होती. कराराच्या शेवटी माणसांची यादी होती. या यादीतल्या कामाचा माणूस असेल आणि तिकडच्या मालकाचं पत्र असेल, तर वर्षानुवर्षं रांगेत न थांबता कामाचा परवाना मिळणार. यादीत नर्स होती. तिने अर्ज केला आणि सात आठवड्यांत परवाना हातात पडला.

"सहा महिन्यांत परत येशील," काटेकोर म्हणाला होता. "माझा अंदाज चुकत नाही."

ती अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन गेली. सहा महिने झाले, वर्ष झालं, सव्वा वर्ष झालं. मुलगी फोनवर नव्या शाळेतल्या मैत्रिणींच्या भांडणांचे वृत्तांत देऊ लागली. त्या मैत्रिणींची नावं लक्षात ठेवता ठेवता बापाच्या नाकी नऊ यायचे. अंदाजाचा विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही.

"नवरा म्हणून या की," बायको दर रविवारी म्हणायची. "राहायला परवानगी मिळते. फक्त काम करता येत नाही."

"मग मी तिथं काय करू? तुझ्या घरातल्या मिठाचं वजन?"

"आपल्या घरातल्या," ती म्हणायची आणि फोन मुलीकडे द्यायची.

इकडे दोन खोल्यांच्या घरात त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. या खोलीतून त्या खोलीत. मुलीच्या टेबलावरची रिकामी पेन्सिलपेटी सरळ करायची, खिडकी लावायची, पुन्हा उघडायची. जेवायला बसला तरी दोन घासांत उठून फोन बघून यायचा. शेवटी बायकोनेच यादी पुन्हा चाळली आणि तिला त्याची जागा सापडली: तंत्रज्ञ. जुने काटे दुरुस्त करणारी एक कंपनीही तिने तिकडे शोधून काढली. त्यांचा जाणता कारागीर निवृत्त झाला होता. पत्र आलं. चार महिने जागा राखून ठेवतो, परवाना घेऊन या. तिने फोनवर अट वाचून दाखवली. तंत्रज्ञ म्हणजे अभियंत्याच्या थेट देखरेखीखाली काम करणारा. तसा पुरावा सोबत हवा. "ऐकलंत ना?" तिने विचारलं. "ऐकलं, ऐकलं," तो म्हणाला, आणि बॅगेची कुलपं तपासायला गेला.

परवान्याच्या कचेरीत तो निवडक दोनशे पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेला. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने चष्मा वर केला. "तुमचं काम कोण तपासतं?"

सतरा वर्षांचं उत्तर जिभेवर तयारच होतं. "कुणी नाही. गरजच पडत नाही." वर गठ्ठा पुढे सरकवून म्हणाला, "बघा. एकाही पत्रकावर दुसरी सही सापडायची नाही."

अधिकाऱ्याने खरंच शोधली. वीसेक पत्रकं उलटली. प्रत्येकावर ती रेघ, पट्टीने मारलेली, एकाच कोनात.

"यादीत जागा आहे ती अभियंत्याच्या हाताखालच्या तंत्रज्ञाची," तो शांतपणे म्हणाला. "उस्तादाची नाही. तुम्ही आणलेला प्रत्येक कागद सांगतोय की तुम्ही या जागेत बसत नाही."

"म्हणजे मी गरजेपेक्षा जास्त चांगला आहे म्हणून नाही म्हणता?"

"पुरावा नाही म्हणून नाही म्हणतो. पुरावा मिळाला तर पुन्हा या."

करायला गेला एक आणि झालं भलतंच. बायकोला फोन केला तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अट मी वाचून दाखवली होती."

"मग काय खोटं बोलू?"

"खोटं कशाला? नुसतं ऐकायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सारी हकीकत ऐकून इंजिनिअरबाईने पेन काढलं. "काका, आणा ती पत्रकं. गेल्या चार वर्षांच्या सगळ्या रकान्यांत सह्या करून टाकते. कोण बघतंय?"

काटेकोरचा पारा चढला. "जे मोजलं नाहीस त्यावर सही? हे शिकवलं मी तुला?"

"मग काय करायचं?"

त्याने पट्टी उचलून खणात टाकली. "मग तपास. आजपासून येणारा प्रत्येक काटा. खराखुरा तपास."

सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच! ती तपासायला बसली की हा तिच्या पाठीमागे येरझाऱ्या घालायचा. चिमटा असा धर, दार आधी लाव, श्वास बाजूला सोड. तिसऱ्या दिवशी ती मान न वळवता म्हणाली, "काका, तुमच्या चालण्याने काटा हलतोय." खरंच हलत होता. तिने त्याला अंगणात घालवलं, तर तो तिथे फेऱ्या मारू लागला. आतून "बरोबर आहे" अशी हाक आली की आत यायचा, सही बघायचा आणि दुसऱ्या काट्याला भिडायचा. आठ आठवडे गेले. एकोणपन्नास पत्रकांवर दोन-दोन सह्या झाल्या आणि एकाही काट्यात खोट निघाली नाही. त्याला याचा आनंद व्हायचा आणि लगेच धास्तीही वाटायची. अधिकारी म्हणेल, ह्या तर नुसत्या शोभेच्या सह्या.

नवव्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. जागा महिनाअखेरपर्यंतच ठेवता येईल, त्यापुढे नाही. कचेरीतली दुसरी भेट आठ दिवसांवर होती. तेही नाही जमलं तर सगळंच मुसळ केरात. त्या सकाळी एका औषधाच्या दुकानाचा काटा आला होता. काटेकोरने एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चिमटा धरून तो नीट केला, पत्रक भरलं, सही केली आणि अंगणात जाऊन पत्र सातव्यांदा वाचलं.

"काका," आतून हाक आली. पुढचे दोन शब्द आलेच नाहीत.

तो आत गेला. "काय झालं?"

"तीन मिलिग्रॅम जास्त दाखवतोय."

"वजनाला तुझा हात लागला असेल."

तिने चिमटा दाखवला.

"दार उघडं राहिलं असेल."

दार बंद होतं. त्याने तिला बाजूला केलं आणि स्वतः वजन ठेवलं. तीन मिलिग्रॅम. दुसरं ठेवलं. तीन. पंखा बंद करायला लावला, खुर्ची मागे सारली, श्वास धरला. तीनच. पडलो तरी नाक वर, म्हणून त्याने वजनांच्या पेटीवर संशय घेतला, टेबलावर घेतला, शेवटी त्या दुकानदारावरसुद्धा घेतला.

"काटा किती वाजता आला?" तिने हळूच विचारलं.

"साडेदहाला."

"आणि तुम्ही पहिलं वजन किती वाजता ठेवलंत?"

उत्तर पत्रकावर होतं, त्याच्याच अक्षरात, त्याच्याच सवयीने मिनिटासकट लिहिलेलं. दहा चाळीस. गाडीतून गार आलेल्या काट्याला त्याने जेमतेम दहा मिनिटं श्वास घेऊ दिला होता. जी गोष्ट त्याने पहिल्या दिवशी शिकवली होती तीच तो विसरला होता.

काटेकोर स्टुलावर बसला. कित्येक आठवड्यांत तो कामाच्या वेळी असा बसला नव्हता. तीन मिलिग्रॅम म्हणजे काही पोतं नव्हे. पण औषधाच्या दुकानातला काटा होता, त्यावर तान्ह्या मुलांच्या पुड्या बांधल्या जात होत्या. आणि मग त्याला त्या रेघा आठवल्या, सतरा वर्षांच्या. त्या प्रत्येक वेळी तो बरोबरच होता, असं आता कोण सांगणार? तिच्यासमोर रडायला नको म्हणून तो चिमटा पुसत बसला.

"मी नवं पत्रक काढते," इंजिनिअरबाई म्हणाली. "काटा अर्ध्या तासाने पुन्हा लावा. हे फाडून टाकू. आठ दिवसांवर भेट आलीय तुमची."

"फाडायचं नाही," तो म्हणाला. "आढळलं ते लिही. कुणाला आढळलं तेही लिही."

तिने दुसऱ्या रकान्यात लिहिलं: चूक आढळली, कारण सांगितले, पुन्हा काम करवून घेतले. खाली सही केली. त्याने ते तीनदा वाचलं आणि मग घड्याळ लावून, फोन खणात टाकून, अर्धा तास काट्याकडे न बघता बसून राहिला. त्याचा पाय मात्र टेबलाखाली सारखा हलत होता.

भेटीच्या दिवशी ते पत्रक त्याने गठ्ठ्याच्या तळाला ठेवलं. कचेरीतल्या बाकावर बसल्यावर मध्ये सरकवलं. पुन्हा तळाला घातलं. त्याच्या आधीचा माणूस खिडकीशी गेला तेव्हा उठला, पाणी प्याला, परत बसला. त्याचा नंबर पुकारला आणि चालता चालता त्याने ते पत्रक ओढून सगळ्यांच्या वर ठेवलं.

अधिकारी तोच होता. त्याने पहिलंच पत्रक वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"ही चूक तुमची?"

"माझी."

"पकडली कुणी?"

"आमच्या इंजिनिअरबाईंनी. माझं काम त्या तपासतात."

"त्या नसत्या तर?"

"तर तो काटा तसाच गेला असता," काटेकोर म्हणाला, "आणि मी रेघ मारली असती."

अधिकाऱ्याने बाकीची पत्रकंही चाळली, पण आता भरभर. त्याने कंपनीच्या पत्रावरची तारीख बघितली, शिक्का उचलला आणि मारला. "पंधरा दिवसांत निघता येईल," तो म्हणाला.

रस्त्यावर येऊन त्याने फोन लावला. एका हाताने कागद छातीशी धरलेला, आणि पाय आपले कोपऱ्यापर्यंत जाऊन परत, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत.

"मिळालं," तो म्हणाला.

पलीकडे तिने काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. "काय विचारलं त्यांनी?"

"काम कोण तपासतं, तेच."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"माझी चूक झाली होती आणि ती दुसऱ्याने पकडली, असं सांगितलं."

पलीकडे खुर्ची सरकली. "अगं, आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "लग्नाला तेरा वर्षं झाली. हे त्या अधिकाऱ्याच्या आधी मला ऐकायचं होतं."

काटेकोर रस्त्याच्या कडेला उभा राहिला. माणसं त्याला वळसा घालून जाऊ लागली.

"सहा महिन्यांत परत येशील, असं म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "चुकलो."

"एक मिनिट थांबा," ती म्हणाली. "लेकीला बोलावते. तिच्यासमोर पुन्हा एकदा म्हणा."

फोन कानाशी धरून तो थांबला.